घड्याळाच्या मते मी झोपले होते

"आपके दिल में कोई खराबी नहीं है," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "आपको गोली की लत लगी है."

माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी मान वळवून मागे पाहिलं. दुसऱ्याच कुणा पेशंटबद्दल चाललंय असं त्यांना वाटलं असावं. मागे भिंत होती, आणि तिच्यावर व्यसनमुक्तीचं एक पोस्टर. त्यात दारूची बाटली, सिगारेट आणि इंजेक्शन काढलेलं होतं. वजन कमी करायच्या गोळ्यांचं चित्र नव्हतं.

मी मूळची सांगलीची. हे विमा कंपनीत अधिकारी, त्यामुळे बदल्या पाचवीला पुजलेल्या. भोपाळ झालं, मग जयपूर आलं. मुलगी मुग्धा सीतापुऱ्याच्या कॉलेजात शिकत होती. आमच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही. अशा घरातली, चाळिशी उलटलेली बाई मानसोपचार विभागात बसून 'लत' हा शब्द ऐकते तेव्हा तिला काय वाटतं, असं पुढे अनेकांनी विचारलं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काहीच वाटलं नाही. तोंडाला कोरड पडली होती आणि पाणी हवं होतं.

हे सगळं लिहिते आहे ते जिला असाच पाकिटातला उत्साह कुणी विकला असेल तिच्यासाठी. माझी हकिगत काही फार थरारक नाही. पण त्यातली एक गोष्ट डॉक्टरांनाही नवीन होती, आणि ती उपयोगी पडेल.

सुरुवात वजनापासून झाली. शेजारच्या शर्माजींच्या मिसेस चारदीवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात, एका डॉक्टरकडे जायच्या आणि दर महिन्याला बारीक होऊन दिसायच्या. मीही गेले. त्यांनी वजन घेतलं, नाडी पाहिली आणि कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या गुलाबी. नाव विचारलं तर म्हणाले, "हर्बल समझ लीजिए." मी समजून घेतलं. गोळीचं नाव न सांगणाऱ्या डॉक्टरकडून कधीही गोळी घेऊ नका. एवढं एक वाक्य वाचून हे पान मिटलंत तरी चालेल.

वजन उतरलं. पण मला त्या गोळीने जिंकलं ते वेगळ्याच कारणासाठी. जयपूरला बदली झाली की आपल्याला नातेवाईक किती आहेत ते कळतं. भोपाळला आमच्याकडे वर्षात चार माणसं आली असतील. जयपूरला दिवाळी झाली की गावाकडून जी रांग लागायची ती होळीपर्यंत. सगळ्यांना किल्ला बघायचा, महाल बघायचा, रजया घ्यायच्या आणि घरी येऊन पोळीभाजी खायची. जयपूरचं जेवण त्यांना तिखट लागायचं. सांगली-मिरजेच्या माणसांना! माझ्या नाकी नऊ यायचे. गोळी घेतल्यावर मात्र मी पहाटे कणीक मळायची, दिवसभर पाहुण्यांबरोबर किल्ला चढायची आणि रात्री उशिरापर्यंत भांडी घासून वर पडदे धुवायला काढायची. "वैजूचा उरक बघावा," असं नणंद सांगलीत सगळ्यांना सांगायची. मला ते कानावर आलं की बरं वाटायचं. तीन हिवाळे असे गेले.

पहिल्यांदा शंका आली ती मुग्धाला. "आई, तू इतनी जल्दी-जल्दी का बोलते? मतलब मला अर्धं कळतच नाही," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, तुझं मराठीच कच्चं आहे. मग छातीत धडधड सुरू झाली, दात आपोआप करकरायला लागले, आणि एका दुपारी भाजी घेताना मी ठेल्यापाशीच खाली बसले ती उठलेच नाही. ठेलेवाल्या भैयाने पाणी मारलं आणि घरी फोन केला.

मला दवाखान्यात भरती केलं. ईसीजी झाला, म्हणजे हृदयाचा आलेख. थायरॉईडची तपासणी झाली. सगळं ठीक. मग वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं की कुठली औषधं चालू आहेत, आणि हे घरून ती पुडी घेऊन आले. लघवीच्या तपासणीत ॲम्फेटामिन निघालं. हे एक स्टिम्युलंट, म्हणजे मेंदूला टाच मारून पळवणारं औषध. भूक मारतं, झोप मारतं आणि माणसाला वाटतं की आपल्यात दहा हत्तींचं बळ आलंय. आमची रवानगी मानसोपचार विभागात झाली ती अशी.

मॅडम वयाने माझ्याहून लहान होत्या. बोलणं मोजकं, आणि आवाज कधीच चढत नसे. त्या म्हणाल्या की गोळी बंद केल्यावर विथड्रॉवल येईल. विथड्रॉवल म्हणजे औषध सुटल्यावर शरीर जो दंगा करतं तो. दारूच्या विथड्रॉवलमध्ये हातपाय कापतात. स्टिम्युलंटच्या विथड्रॉवलमध्ये बाहेरून फारसं काही दिसत नाही. सगळा दंगा झोपेत आणि मनात होतो. म्हणून त्यांच्या विभागात अशा पेशंटांची झोप मोजायचं काम चाललं होतं. मी तयार असेन तर माझीही मोजणार होत्या.

मी तयार झाले. नाही कशाला म्हणायचं?

सिस्टरने माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या आणि मनगटावर एक काळं घड्याळ बांधलं. त्यावर काटे नव्हते. त्याला ॲक्टिग्राफ म्हणतात. हात किती हलतो हे ते रात्रंदिवस टिपून ठेवतं. मग ते कॉम्प्युटरला जोडलं की कागदावर काळ्या रेघा येतात. रेघा दाट असल्या की माणूस जागा, रेघा नसल्या की झोपलेला. साधा हिशेब होता, आणि तो मला पटलाही.

सुरुवातीचे दिवस मी नुसती झोपले. त्याला क्रॅश म्हणतात, म्हणजे उधार घेतलेला सगळा जागेपणा शरीर एकदम वसूल करतं. जेवायला उठवलं की दोन माणसांचं जेवायची आणि पुन्हा आडवी. स्वप्नं अशी पडायची की जागं झाल्यावरही खरी वाटायची. घड्याळाचा कागद कोरा. हे रोज संध्याकाळी ऑफिसातून यायचे आणि मी झोपलेली बघून खूश होऊन परत जायचे. त्यांना वाटलं की आजार संपला. शेवटी मला घरी सोडलं, घड्याळ हातातच ठेवून. दर आठवड्याला ते नेऊन दाखवायचं होतं.

घरी आल्यावर झोप गेली. कमी झाली असं नाही, गेलीच. डोळ्याला डोळा लागेना. दिवसा अंगात शक्ती नसायची, रात्री डोक्यात गिरणी चालू असायची. मन असं उदास, की वरणाला फोडणी द्यायची म्हटलं तरी रडू यायचं. आणि त्या सगळ्यात एक विचार स्वच्छ दिसायचा: एक गोळी घेतली की हे सगळं थांबेल. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांना हा विचार किती शहाण्यासारखा वाटतो हे सांगून कळणार नाही.

आठवडा झाल्यावर घड्याळ घेऊन आम्ही विभागात गेलो. मॅडमनी कागद पाहिला. "आप तो अच्छा सो रही हैं," त्या म्हणाल्या. "सात घंटे से ऊपर."

मी म्हटलं, मिनिटभरसुद्धा झोपलेली नाही.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की पुष्कळ पेशंटांना आपण झोपलोच नाही असं वाटतं, प्रत्यक्षात ते झोपलेले असतात. त्यालाही इंग्रजी नाव आहे. त्याचा अर्थ असा, की झोप असते पण तिची जाणीव नसते. त्यांनी धीर दिला आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

पुढच्या आठवड्यातही कागद कोराच निघाला. त्याच्या पुढच्याही.

रिक्षात हे म्हणाले, "अगं, मशीनला खोटं बोलून काय मिळणार आहे?" त्यांच्या तोंडून ते सहज गेलं. विमा कंपनीतला माणूस, रोज लोकांचे दावे तपासणारा. मशीनला खोटं बोलून काही मिळणार नव्हतं हे खरंच. पण मग खोटं बोलून ज्याला काही मिळणार होतं असं रिक्षात उरलं कोण? मीच. लत लागलेल्या माणसाचं बोलणं कुणी खरं धरत नाही. त्याने पाणी मागितलं तरी लोक ग्लासात डोकावून बघतात. मला गोळी सोडवत नाही म्हणून मी झोपेचं कारण काढतेय, असं ह्यांना वाटत होतं. ते तसं बोलले नाहीत. त्यांनी न बोलणंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला आणि मुग्धा कॉलेजला गेल्यावर मी ऑटो केली आणि चारदीवारीत त्या डॉक्टरकडे गेले. दवाखाना चालू होता. बाकावर माझ्यासारख्याच पाच-सहा बायका बसल्या होत्या. सगळ्या भराभर बोलत होत्या, सारख्या ओठांवरून जीभ फिरवत होत्या आणि एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. किती आनंदात दिसत होत्या! मला त्यांचा हेवा वाटला. कीव आली असं लिहिलं तर छान दिसेल, पण आला तो हेवाच.

पुडी घेऊन घरी आले. घेतली मात्र नाही. संध्याकाळी हे बूट काढत होते तेव्हा ती त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवली.

"तुमचं घड्याळ म्हणतंय मी झोपते," मी म्हटलं. "मी म्हणते झोपत नाही. आज रात्री झोप लागली नाही तर उद्या सकाळी ही घेणार. लपवून घेणार नाही, तुमच्यासमोर घेणार."

एक बूट पायात आणि एक हातात, तसेच ते उठले. मग पुडी उचलून त्यांनी शर्टाच्या खिशात घातली. सकाळी ऑफिसात फोन करून रजा टाकली आणि मला विभागात घेऊन गेले. पीएफच्या कामालासुद्धा कधी रजा न टाकणारा हा माणूस!

पुडी बघून मॅडम घाबरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. पेनचं टोपण लावलं. मग त्यांनी असा प्रश्न विचारला जो तोवर कुणीच विचारला नव्हता.

"रात को जब नींद नहीं आती, तब आप क्या करती हैं?"

"कुछ नहीं. लेटी रहती हूँ."

"करवट बदलती हैं? उठती हैं? पानी पीती हैं?"

"नहीं."

"बिलकुल नहीं हिलतीं?"

मला प्रश्नच समजेना. रात्री कशाला हलायचं? मग मी त्यांना माझ्या हिंदीत आमचं घर सांगितलं. हिवाळ्यात हॉलमध्ये पाहुणे, आतल्या खोलीत गावाहून आलेली नणंद आणि तिची मुलं, मधल्या जागेत आम्ही. मी कूस बदलली की बांगड्या वाजायच्या. बांगड्या वाजल्या की अंधारातून कुणीतरी म्हणायचं, "वैजू, उठलीस होय? मग टाक की चहा." लग्न झाल्यापासूनच, सासरी एका खोलीत सगळे झोपायचे तेव्हापासून, मी हात पोटावर ठेवून, डोळे मिटून, श्वास संथ ठेवून पडायला शिकले होते. पुढे गोळ्यांमुळे झोप येईना तेव्हा तर ती कला फारच उपयोगी पडली. कित्येक रात्री मी अशी बोट न हलवता काढल्या असतील.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

मॅडमनी त्याच दुपारी एक साधी परीक्षा घेतली. बाजूच्या खोलीतल्या कॉटवर मला घरच्यासारखं पडायला सांगितलं. हातात घड्याळ होतंच. ह्यांना शेजारी खुर्ची दिली आणि सांगितलं, की दर थोड्या वेळाने हिला काहीही विचारा, हिने न हलता उत्तर द्यायचं.

ह्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी विचारलं, "गॅसचा नंबर लावलाय का?"

"परवाच लावलाय."

"मुग्धाची परीक्षा कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"दूधवाल्याला किती सांगितलंय?"

"दीड लिटर. पाहुणे नाहीत ना आता."

लग्नाला इतकी वर्षं झालेली, आणि एका तासात आमचे प्रश्न संपले. डोळे मिटलेलेच असल्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खुर्ची करकरली तेवढी ऐकू आली. मग जरा वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "तू रोज अशीच पडतेस?"

"हो."

"मला वाटायचं, तुला किती गाढ झोप लागते."

यावर उत्तर द्यायचं की नाही हे कळेना. हा प्रश्न नव्हता. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

घड्याळ कॉम्प्युटरला जोडलं. त्या तासाचा कागद कोरा आला. घड्याळाच्या मते गॅस, परीक्षा आणि दूध ह्या सगळ्याची उत्तरं मी गाढ झोपेत दिली होती.

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "मशीन समझती है, जो हिला नहीं वो सो गया," त्या म्हणाल्या. "ग़लती मशीन की नहीं, हमारी है. हमने आपसे पूछा ही नहीं." कुठल्याही डॉक्टरने मला असं वाक्य त्याआधी किंवा त्यानंतर ऐकवलेलं नाही. त्यांचे मी तिथल्या तिथेच आभार मानायला हवे होते. मी नुसती रडले.

मग खरी तपासणी झाली. तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. रात्रभर दवाखान्यात निजवून डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि छातीला तारा चिकटवतात. हालचाल नाही तर मेंदूच्याच लहरी मोजतात. मेंदूला निपचित पडायला कुणी शिकवलेलं नसतं, त्यामुळे तो काही लपवत नाही. रिपोर्टात मी म्हणत होते तेच निघालं: झोप थोडी, तीसुद्धा तुकड्यातुकड्यांची. तो रिपोर्ट हातात घेताना मला आनंद झाला. आजार असल्याचा एवढा आनंद झालेली मी बहुधा त्या विभागातली एकटीच असेन.

उपचार अगदीच साधे निघाले. झोपेच्या गोळ्या मॅडमनी दिल्या नाहीत. एक लत सोडवताना दुसरी लावायची नव्हती. उदासीवर एक सौम्य औषध दिलं. सकाळी एका ठरावीक वेळी उठायचं, दुपारी पडायचं नाही, आणि मुख्य म्हणजे झोप येत नसेल तर अंथरुणात पडून राहायचं नाही. उठायचं, फिरायचं, आवाज झाला तर होऊ द्यायचा. वेळ लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुमच्या घरी कुणी असं असेल तर हे लक्षात ठेवा, गोळी सुटली त्या दिवशी माणूस बरा होत नाही. तिथून पुढे त्याला सांभाळायचं असतं.

नंतर कळलं, की मॅडमनी आधी झोप मोजलेल्या बायकांचे कागदही पुन्हा काढले आणि त्यांना एकेकीला बोलावून विचारलं, "लेटकर हिलती हो?" कुणी काय सांगितलं हे मला माहीत नाही. पण विचारलं, हे चांगलं झालं.

घरी सगळ्यात अवघड गेलं ते उठणं. बांगड्या वाजल्या की माझाच हात दुसऱ्या हाताला धरायला धावायचा. नणंदेचा फोन आला की मुलांच्या सुट्टीत येतोय. हे फोनवर म्हणाले, "यंदा नको आक्का. हिला बरं नाही." तिकडून विचारणा झाली असावी. "थायरॉईड," हे म्हणाले. थायरॉईड हा फार सोयीचा आजार आहे. त्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही.

घड्याळ मी परत करून टाकलं. मग ह्यांनी आपली एक पद्धत काढली. रात्री मध्येच त्यांना जाग आली की ते हळूच विचारायचे, "जागी आहेस?" जागी असेन तर खरं बोलायचं, असं आमचं ठरलं होतं. पहिल्यांदा 'हो' म्हणताना मला चोरी पकडल्यासारखं झालं. मग आम्ही उठून गच्चीत जायचो. उन्हाळा सुरू झाला होता, रात्री तेवढंच वारं लागायचं. तिथे त्यांनी एकदा सांगितलं, की ती पुडी खिशात घातली त्या रात्री तेही झोपले नव्हते. भीती वाटत होती म्हणाले. मलाही वाटत होती. आम्ही एकाच खाटेवर, दोघंही जागे, दोघंही न हलता पडलो होतो, आणि दोघांनाही दुसरा झोपलाय असं वाटत होतं.

असे बरेच आठवडे गेले. मी रोज 'हो' म्हणत राहिले. पुन्हा त्या डॉक्टरकडे जावंसं वाटायचं, नाही असं नाही. गेले नाही.

मग एका सकाळी हे दाढी करत होते आणि मी चपात्या लाटत होते. आरशात बघतच ते म्हणाले, "काल रात्री मी विचारलं होतं."

"काय?"

"जागी आहेस का म्हणून. तू काही बोलली नाहीस."

मी आठवून पाहिलं. मला काहीच आठवेना.

"मग? हलवून बघितलंत का?"

"कशाला?" ते म्हणाले. "जागी असतीस तर बोलली असतीस."